वालुकाश्मातलं युरेनियम शोधताना: काउंटर, रंग आणि मॉलिब्डेनम

सातारा-सांगलीत भूशास्त्र शिकलेल्या मुलामुलींची एक ठरलेली अडचण असते. डोळ्यांना सवय फक्त काळ्या दगडाची. वालुकाश्म पुस्तकात वाचलेला असतो, प्रयोगशाळेत मुठीएवढा तुकडा हाताळलेला असतो, आणि मग नोकरी किंवा प्रकल्पाच्या निमित्ताने एकदम मेघालयात नाही तर उत्तर कर्नाटकात उतरल्यावर सगळे थर सारखेच दिसायला लागतात. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपले दोन्ही जिल्हे जवळजवळ सगळे दख्खनच्या बेसाल्टवर बसलेले आहेत. बेसाल्टमध्ये युरेनियम सहसा एक पीपीएमसुद्धा (दहा लाखांत एक भाग) भरत नाही, आणि वालुकाश्मातले साठे व्हायला जो खडक लागतो तो इथे पृष्ठभागावर नाही. म्हणजे शोधायला बाहेरच जावं लागणार. पण शिकण्यासारखं इथे पुष्कळ आहे, आणि ते शिकून बाहेर पडणाऱ्याचा पुढे बराच वेळ वाचतो.

या लेखात मी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने सांगणार आहे: वालुकाश्मात काउंटरच्या, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राच्या, आवाजामागे धावू नका. खडकाचा रंग कुठे बदलतो ते शोधा, आणि त्या बदलाच्या कुठल्या बाजूला तुम्ही उभे आहात हे युरेनियमसोबत वाहणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूला विचारा.

पहिली पायरी: काय करता येतं, काय नाही

युरेनियम हे अणुखनिज आहे. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अणुखनिजांचा वेगळा भाग आहे आणि युरेनियम त्यात येतं. देशात त्याचा शोध घेण्याचं मुख्य काम अणुऊर्जा विभागाखालचं अणुखनिज संचालनालय करतं. सगळे त्याला एएमडी म्हणतात. मुख्यालय हैदराबादला आहे. मॉलिब्डेनमचं तसं नाही. २०२३ च्या दुरुस्तीत क्रिटिकल मिनरल्सची जी यादी कायद्यात आली, तिच्यात ते आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. हौस म्हणून युरेनियमचं खनिज गोळा करून घरात ठेवायचं नाही. फिरताना संशयास्पद काही दिसलं तर जागेची नोंद करा, फोटो काढा आणि एएमडीला कळवा. या क्षेत्रात पोटापाण्याला यायचं असेल तर भूशास्त्र किंवा भूभौतिकीत एम.एस्सी. करून गेटची तयारी करा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं असेल तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे.

दुसरी पायरी: पाणी काय करतं ते समजून घ्या

वाळवा, मिरज, पलूसकडच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. उसाला वाजवीपेक्षा जास्त पाणी पाजलं की ते जमिनीतले क्षार विरघळवतं, वर आणतं आणि सुकताना तिथेच सोडून जातं. रान पांढरं पडतं, क्षारपड होतं. युरेनियमचीही गोष्ट उचलण्याची, वाहून नेण्याची आणि टाकण्याचीच आहे. फरक इतकाच की ते खाली बसतं ते पाणी सुकल्यामुळे नाही, तर पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे.

ग्रॅनाइटमधून किंवा ज्वालामुखीच्या राखेतून पावसाचं पाणी मुरताना युरेनियम उचलतं. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ते कार्बोनेटशी जोडलं जातं आणि विरघळलेल्या अवस्थेत लांबपर्यंत जातं. वाटेत वालुकाश्माच्या थरात कुजलेल्या झाडोऱ्याचा कोळसा, पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) किंवा हायड्रोजन सल्फाइड भेटलं की युरेनियमचं क्षपण होतं, म्हणजे ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया होते, आणि ते युरेनिनाइट किंवा कॉफिनाइट या खनिजांच्या रूपात वाळूच्या कणांभोवती बसतं. मागून ऑक्सिजनयुक्त पाणी येतच राहतं. ते बसलेलं युरेनियम पुन्हा उचलतं आणि थोडं पुढे नेऊन ठेवतं. हजारो-लाखो वर्षं हे चाललं की एक सरहद्द तयार होते. तिच्या मागचा वालुकाश्म ऑक्सिडेशनने पिवळा-तांबडा झालेला, पुढचा करडा, आणि मधल्या पट्ट्यात युरेनियम साठलेलं. यालाच रोल-फ्रंट म्हणतात. उभ्या छेदात तो चंद्रकोरीच्या आकाराचा दिसतो आणि त्याची फुगीर बाजू पाणी वाहण्याच्या दिशेला असते. अमेरिकेतल्या वायोमिंग आणि दक्षिण टेक्सासमधले साठे या प्रकारचे. जगातल्या युरेनियमचा सर्वांत मोठा वाटा देणाऱ्या कझाकस्तानच्या चू-सारिसू खोऱ्यातलेही तसेच.

हे सगळं डोळ्यांनी बघायचं असेल तर कृष्णाकाठी जा. पाणी संथ असतं अशा ठिकाणी काठच्या गाळात खुरप्याने वीतभर खणा. वरचा बोटभर थर पिवळट तपकिरी निघेल. त्याखाली निळसर काळा, चिकट, कुजक्या अंड्याचा वास मारणारा गाळ लागेल. दोन्हींच्या मधली रेघ बारीक असते आणि सरळ नसते. मुळं, पोकळ्या, वाळूचे पट्टे असतील तिथे ती खाली-वर होते. काळ्या गाळाचा एक गोळा उन्हात ठेवा. थोड्या वेळात त्याची बाहेरची बाजू तपकिरी व्हायला लागते, फोडला तर आत अजून काळाच असतो. ऑक्सिडेशन आणि क्षपण यांची सरहद्द हाताने उकरून बघितलेली असली की बोअरच्या कोअरमध्ये (बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांडीत) ती ओळखताना चाचपडायला होत नाही.

सगळे साठे रोल-फ्रंट नसतात, हेही ध्यानात असू द्या. काही सपाट लोळांसारखे असतात, काही जुन्या नदीपात्रांच्या तळाशी असतात. आपल्या देशातलं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण मेघालयातलं, डोमियासियाट परिसरातलं. तिथे महादेक वालुकाश्म ग्रॅनाइटी पायावर बसलेला आहे. खालचा महादेक करडा, कोळशाचे तुकडे आणि पायराइट असलेला. वरचा महादेक जांभळट, ऑक्सिडेशन झालेला. युरेनियम खालच्यात आहे. रंग वाचायला शिकायचं कशासाठी, हे पटायला एवढं पुरे.

तिसरी पायरी: घराजवळ डोळे तयार करा

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात गाडी सुरक्षित जागी लावा आणि लाव्हाच्या दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा शोधा. युरेनियमशी त्याचा संबंध नाही. काम आहे ते रंगाचं वर्णन करण्याचं. तांबडा म्हणजे कुठला तांबडा? विटकरी, जांभळट की गेरूसारखा? रंग कणांच्या आत आहे की फक्त भेगांवर बसलेला? हातोड्याने ताजा तुकडा काढा आणि हवा लागलेल्या बाहेरच्या बाजूशी ताडून बघा. उघड्या कड्यावरचा गंज अलीकडच्या हवा-पाण्याचा असतो. नवखा माणूस त्यालाच जुनं ऑक्सिडेशन समजतो आणि नकाशावर सरहद्द चुकीच्या जागी आखतो. म्हणून ताज्या फोडीशिवाय रंग लिहायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

खऱ्या वालुकाश्मासाठी दक्षिणेला जा. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं यल्लम्माच्या दर्शनाला सौंदत्तीला जातात. तिथले डोंगर कलादगी समूहाच्या क्वार्टझाइटचे आहेत. पुढे बदामीला लेणी ज्या खडकात कोरली आहेत तो बदामी गटाचा वालुकाश्म. लेण्यांबाहेरच्या कड्यावर तिरक्या थरांची रचना बघा आणि जुनी नदी कुठल्या दिशेला वाहत होती ते कंपासवर मोजा. लेण्यांना मात्र हातोडा लावायचा नाही. बेळगाव जिल्ह्यात देशनूर भागात याच बदामी गटाच्या वालुकाश्मात युरेनियमची नोंद आहे. सांगलीतून इतक्या जवळ ही गोष्ट आहे, हे आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतं याची मला खंत वाटते.

चौथी पायरी: टेबलावरचं काम

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवरून नकाशे घ्या आणि चारच प्रश्न विचारा. युरेनियम देणारा खडक जवळ आहे का? शेलच्या (चिखलापासून बनलेल्या, पाणी अडवणाऱ्या खडकाच्या) दोन थरांमध्ये पाणी झिरपू देणारा वालुकाश्म आहे का? त्यात क्षपण करणारं काही आहे का? आणि पाणी कुठून कुठे वाहत होतं? चारपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरा भाग बघा.

पाचवी पायरी: काउंटर वापरा, पण त्याची भाषा ओळखून

सिंटिलोमीटर, म्हणजे गॅमा किरण मोजणारा काउंटर, हातात आला की त्याची सवय इथेच करून घ्या. बेसाल्टच्या जुन्या भिंतीजवळ आकडा बघा, मग पाचगणीच्या टेबललँडवरच्या जांभ्यावर, मग कुणाच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर. ओट्यावर आकडा चढतो, कारण ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, थोरियम आणि युरेनियम तिन्ही असतात. नुसता एकूण काउंट तिघांतला फरक सांगत नाही. त्यासाठी किरणांच्या ऊर्जेवरून (एमईव्ही या एककात) ते वेगळे करणारा गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो: पोटॅशियमसाठी १.४६, युरेनियमसाठी १.७६ आणि थोरियमसाठी २.६२ एमईव्ही.

आता मुद्द्याचं. १.७६ एमईव्हीचा तो किरण युरेनियमचा नाहीच. तो बिस्मथ-२१४ चा आहे, म्हणजे युरेनियमचा ऱ्हास होत होत जी मूलद्रव्यं बनतात त्या वंशावळीत रेडियमच्याही खालच्या पिढीतल्या एकाचा. बंद खडकात सगळी वंशावळ समतोलात असते, तेव्हा हा हिशेब जुळतो. तो समतोल यायला दहा लाख वर्षांच्या आसपास लागतात. वालुकाश्मातून मात्र पाणी वाहत असतं. पाणी युरेनियम उचलून पुढे नेतं आणि रेडियम मागे राहतं. परिणाम असा की सरहद्दीच्या मागे, जिथून युरेनियम निघून गेलं आहे, तिथे काउंटर ओरडतो. आणि पुढे, जिथे ते नव्याने येऊन बसलं आहे, तिथे अपेक्षेपेक्षा गप्प असतो. याला असमतोल म्हणतात. म्हणून गॅमाचा प्रत्येक मोठा आकडा रासायनिक पृथक्करणाशी ताडून बघायचा. बोअरमध्ये न्यूट्रॉन सोडून युरेनियम-२३५ थेट मोजणारी उपकरणंही आता आहेत.

सहावी पायरी: मॉलिब्डेनमला विचारा

माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

ऑक्सिजनयुक्त पाण्यात मॉलिब्डेनमही युरेनियमबरोबर मॉलिब्डेट म्हणून वाहतं. पण खाली बसायला त्याला जास्त कडक परिस्थिती लागते, सल्फाइड भरपूर असावं लागतं. त्यामुळे रोल-फ्रंटमध्ये एक क्रम दिसतो: ऑक्सिडेशनच्या कडेला सेलेनियम, मग युरेनियम, आणि त्याच्या पुढे करड्या वालुकाश्मात मॉलिब्डेनम. पृथ्वीच्या कवचात मॉलिब्डेनम सरासरी एक पीपीएमच्या थोडं वर असतं. करड्या, पायराइट असलेल्या नमुन्यात ते दहा-वीस किंवा अधिक पीपीएम निघालं आणि युरेनियम मात्र साधंच असलं, तर निराश होऊ नका. बहुधा तुम्ही सरहद्दीच्या पुढे आहात, आणि पुढचा बोअर पाण्याच्या उगमाच्या दिशेला मागे सरकवायला हवा. उलट सेलेनियम चढलेलं आणि मॉलिब्डेनम नाही, तर तुम्ही मागे आहात. युरेनियम न लागलेला एक बोअर असा पुढच्या बोअरची दिशा सांगू शकतो.

रंग जिथे फसवतो तिथे या क्रमाची किंमत आणखी कळते. दक्षिण टेक्सासमध्ये काही ठिकाणी भेगांवाटे खालून हायड्रोजन सल्फाइड वर आलं आणि आधी ऑक्सिडेशन झालेली वाळू पुन्हा करडी झाली, तिच्यात नवं पायराइटही तयार झालं. नुसता रंग बघणाऱ्याला तिथे सरहद्द दिसत नाही.

मॉलिब्डेनमचं खनिज शोधून सापडेलच असं नाही. वालुकाश्मात ते बहुतेक वेळा जॉर्डिसाइट असतं, काळं, भुकटीसारखं, कोळशाच्या पुडीत मिसळलं तर ओळखू न येणारं. एक खूण मात्र कधीकधी दिसते. उघड्यावर राहिलेल्या कोअरवर किंवा ढिगावर निळा डाग उमटतो. तो इल्समनाइट, पाण्यात विरघळणारा. कोअर पाण्याने धुतला तर तोही धुऊन जातो, म्हणून निळं काही दिसलं की आधी फोटो काढा, मग पुढचं.

नमुना घेताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिलं म्हणजे ग्रीस. ड्रिलिंगच्या रॉडना मॉली ग्रीस लावतात, त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडच असतं. ड्रिलरशी आधीच बोलून दुसरं ग्रीस वापरायला सांगा आणि कोअरची बाहेरची साल काढून आतला भाग नमुन्याला घ्या. दुसरं, दगड दळायच्या भांड्याचं पोलादही मॉलिब्डेनम मिसळलेलं असू शकतं. अकीकाचं भांडं मागा. तिसरं हातातल्या एक्सआरएफ यंत्राचं, जे क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखतं. युरेनियमची एक रेषा १७.२ केईव्हीच्या आसपास येते आणि मॉलिब्डेनमची मुख्य रेषा १७.४-१७.५ ला. दोन्ही एकमेकांवर चढतात, त्यामुळे युरेनियम भरपूर असलेल्या नमुन्यात यंत्र खोटं मॉलिब्डेनम दाखवू शकतं. एक्सआरएफवर नमुने निवडा, पण निर्णय प्रयोगशाळेतल्या आयसीपी-एमएस या रासायनिक पृथक्करणाच्या अहवालावरच घ्या.

मातीतलं मॉलिब्डेनम शोधताना शेतकऱ्याशी बोला. तासगावकडे द्राक्षबागांना सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारण्या होतात, त्यात मॉलिब्डेनमही असतं. अशा रानातला चढलेला आकडा खडकाचा नाही. फॉस्फेट खतांमध्ये युरेनियमचा अंश असतो, त्यामुळे ऊसपट्ट्यातल्या विहिरीत युरेनियम थोडं जास्त दिसलं तर लगेच खडकाकडे बोट दाखवू नका.

सातवी पायरी: पाण्याचे नमुने

सराव जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या खोल बोअरवर करा. तिथे मालक सहसा आनंदाने मोटर सुरू करून देतो. आकडे स्थिर होईपर्यंत पाणी वाहू द्या. पीएच, ओआरपी (पाणी ऑक्सिडेशन करणारं की क्षपण करणारं ते सांगणारा आकडा) आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा, घरी आणलेल्या बाटलीत ते उरत नाहीत. धातूंसाठीचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यात नायट्रिक आम्ल घाला. बायकार्बोनेटसाठी दुसरी बाटली, आम्लाशिवाय. मालकाला अहवाल द्यायचं वचन दिलंत तर तो द्याच. पिण्याच्या पाण्यात युरेनियमची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे आणि मॉलिब्डेनमची ७०. त्या वर काही आलं तर आधी त्याला सांगा.

मॉलिब्डेनम जनावरांनाही बाधतं, हे गुरं पाळणाऱ्या आपल्या भागात सांगायलाच हवं. चाऱ्यात ते जास्त आणि तांबं कमी झालं की गाईगुरांना हगवण लागते, केसांचा रंग उडतो, दूध घटतं. टेक्सासच्या युरेनियम पट्ट्यात, कार्न्स काउंटीत, गुरांमध्ये हा आजार नोंदला गेला आहे. शोधाच्या जागी कोअर आणि चुरा चरणाऱ्या जनावरांच्या वाटेत पडू देऊ नका.

आठवी पायरी: बोअर

सुरुवातीला बोअर शेकडो मीटर अंतरावर, पाण्याच्या जुन्या दिशेला आडव्या रांगेत नव्हे तर त्या दिशेने रांगेत घ्या. एका बोअरमध्ये तांबडी वाळू आणि पुढच्यात करडी मिळाली की सरहद्द दोघांच्या मध्ये आहे. मग अंतर निम्मं करा, पुन्हा निम्मं करा. फ्रंट सरळ रेषेत जात नाही. वळणं घेत काही किलोमीटर पसरतो आणि रुंदीला मात्र त्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे शेजारच्या रांगेत तो भलत्याच जागी निघू शकतो.

कोअर ओला असतानाच रंग, कणांचा आकार, पायराइट, कोळसा आणि गंज लिहा. वाळल्यावर करड्यातल्या छटा कळत नाहीत आणि पायराइट बिघडायला लागतं. बोअरमध्ये गॅमाबरोबर रेझिस्टिव्हिटी आणि एसपी लॉग (खोलीनुसार खडकाच्या विद्युत गुणधर्मांच्या नोंदी) घ्या, म्हणजे वाळू कुठे आणि शेल कुठे ते कळतं. सगळे लॉग एका भिंतीवर शेजारी-शेजारी लावून बघा. संगणकाच्या पडद्यावर एका वेळी एकच बोअर बघणारा माणूस थरांची सलगता हमखास चुकतो, असं माझं पक्कं मत आहे.

नववी पायरी: माणसं आणि जागा

कोअर हाताळताना हातमोजे घाला, कापताना पाणी मारा म्हणजे धूळ उडणार नाही, आणि कोअरच्या शेडमध्ये खाणंपिणं, तंबाखू नको. नमुन्यांची खोली हवेशीर ठेवा, रेडॉन बंद जागेत साठतो. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) दिला असेल तर तो छातीवर असू द्या, बॅगेत नाही. किरणोत्सर्गासोबत काम करणाऱ्यांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, सामान्य लोकांसाठी १.

गावात गेल्यावर सरपंच, ग्रामसेवक आणि ज्याच्या रानात मशीन लावायचं तो शेतकरी, तिघांनाही काय करणार आहात ते पूर्ण सांगा. युरेनियम हा शब्द टाळू नका. मेघालयात स्थानिकांचा विरोध वर्षानुवर्षं चालला, आणि लोकांना आपलं पाणी, आपली जमीन यांची काळजी वाटणं अगदी रास्त आहे. त्यांच्या विहिरींचे नमुने ड्रिलिंगच्या आधी घेऊन ठेवा, म्हणजे नंतर कुणी विचारलं तर उत्तर कागदावर असेल.

काम संपल्यावर प्रत्येक बोअर तळापासून वरपर्यंत सिमेंटने भरून बंद करा. नुसतं तोंडावर झाकण ठेवून चालत नाही. आतून वेगवेगळ्या थरांतलं पाणी एकमेकांत मिसळत राहतं, आणि उघड्या बोअरमध्ये लेकरू पडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचलेल्या आहेत. बंद केलेल्या बोअरची जागा, खोली आणि तारीख लिहून एक प्रत शेतकऱ्याकडे द्या.